आठ वीसचं फाटक

ज्या लाइनीवरून गाडीच जात नाही, तिचं फाटक कोणी लावलं?

बोरखडीच्या कुंदननं हा प्रश्न वर्षभर विचारला. पोलीस ठाण्यात विचारला, रस्त्याच्या कचेरीत विचारला, रेल्वेच्या कचेरीत तर तीनदा विचारला. उत्तर कोणी दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

खुशालराव ही गोष्ट सांगायला बसतात तेव्हा आधी हा प्रश्न टाकतात आणि तंबाखू मळायला घेतात. सोसायटीचा ओटा, जेवणं उरकलेली, लाइट गेलेली. समोर विपुल, नितेश आणि आणखी दोन-चार पोट्टे. खुशालराव त्या छोट्या लाइनीवर बत्तीस वर्षं गँगमध्ये होते. खडी भरली, रूळ ठोकले, त्यामुळे लाइनीबद्दल त्यांना कोणी शिकवत नाही.

"काकाजी, हे खरं हाये का पण?" विपुल विचारतो.

"खोटं असतं तं गोड करून सांगितलं असतं. कुंदन माह्या घराच्या बाजूले राहते. जाऊन विचार त्याले. दगड मारंन."

पोट्टे हसतात. खुशालराव हसत नाहीत.

ती लाइन इंग्रजांनी टाकलेली, वऱ्हाडातला कापूस न्यायला. कापूस गेला, इंग्रज गेले, गाडी राहिली. चार डबे, आणि चाल अशी की चढणीवर पोरं खाली उतरून बोरं तोडत आणि पळत येऊन शेवटचा डबा धरत. फाटकांवर माणूस नसे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची. गाडीतलाच एकजण कंदील घेऊन उतरायचा, रस्त्याच्या दोन्ही अंगांचे लोखंडी पल्ले ओढून लावायचा, साखळी घालायचा, हिरवा दाखवायचा. गाडी पलीकडे जाऊन थांबायची. मग तो पल्ले उघडायचा, साखळी खांबाला गुंडाळायचा आणि पळत जाऊन डब्यात चढायचा.

तो माणूस डोमाजी. एकतीस वर्षं रोजंदारीवर. हजेरीपटावर अंगठा. शाईची डबी कधी ओली नसायचीच, म्हणून इंजिनाच्या काळ्या तेलात अंगठा बुडवायचा. फाटकाच्या साखळीनं त्या अंगठ्याला एकदा आडवं चिरलं होतं, त्यामुळे ठशाच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटायची. संध्याकाळची गाडी बोरखडीच्या फाटकावर आठ वीसला येई. आणि डोमाजीचा नियम एकच होता. लावलेलं फाटक गाडी गेल्याशिवाय उघडायचं नाही. आमदाराची गाडी असो की कोणाची मयत.

मग एक दिवस गाडी वर गेली ती परत आलीच नाही.

पक्क्या नोकरीच्या लोकांना कागद आले. कोणाची बदली, कोणाची पेन्शन. खुशालरावांनाही आला. डोमाजीला आला नाही. रोजंदारीच्या माणसाला कोण कागद देतं? कोणी तोंडानंसुद्धा नीट सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ पंधराला डोमाजी कंदील घेऊन घरून निघाला. घर फाटकापासून दोन वावरं दूर. दोन्ही पल्ले लावले आणि उभा राहिला. मोटारसायकली थांबल्या, ट्रॅक्टर थांबला.

"अवो डोमाजी, लाइन बंद झाली! खोला ना बाप्पा!"

"मले कागद नाई आला."

रोज हेच. लाइनीत बाभळी उगवल्या. फाटकाच्या पलीकडचे रूळ रातोरात कोणीतरी कापून नेले. गाडी आली असती तरी तिला चालायला जागा नव्हती. डोमाजी मात्र आठ वीसला हजर. लोक शिव्या द्यायचे. शिव्या द्यायला कचेरी सापडत नाही, म्हातारा सापडतो.

यातून वाट काढली मनोजनं, म्हणजे कुंदनच्या मोठ्या भावानं. माळ्याचं घर त्यांचं, झेंडू-शेवंतीचं वावर. मनोज रोज फुलं परतवाड्याला पोचवायचा आणि रात्री त्याच रस्त्यानं परतायचा. एका रात्री त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली, बाभळींतून लाइनीवर थोडं पुढं गेला, परत आला आणि म्हणाला, "काकाजी, गाडी पास झाली. खोला."

डोमाजीनं कंदील वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "शेवटच्या डब्याले लाल दिवा होता?"

"होता. मी सोता पायला."

शेवटचा दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मागे डबा राहिला नाही. डोमाजीनं पल्ले उघडले, साखळी गुंडाळली आणि शांतपणे घरी गेला.

त्यानंतर तीन वर्षं मनोज रोज रात्री त्याला हे खोटं सांगत होता. एकदाही हसला नाही.

कुंदनचं तसं नव्हतं. सातवीतून शाळा सोडलेला, डोकं तापट, हात डोक्याच्या आधी चालणारा. त्याला हा सगळा खुळेपणा वाटायचा. "त्या बुढ्याले एकदा सरळ सांगून टाक ना, दादा! रोजचं काय नाटक लावलं?"

"सांगून काय होते? त्याचं मन तिथंच हाये. तुह्यं काय जाते?"

मग खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा, झेंडूला मागणी. मनोज फुलं घेऊन रात्रभर परतवाड्यालाच थांबणार होता. त्यानं फोन केला, "कुंदन, आज तू जा फाटकावर. काकाजीले सांग गाडी गेली. लाल दिवा होता म्हनजो. विसरू नको."

"हो," कुंदन म्हणाला.

आणि गेला नाही. घरी अवजारांची पूजा होती, दोस्त आले होते, मोटारसायकलला हार घालून फोटो काढणं चाललं होतं. साडेआठला त्याला आठवण झाली. नऊला पुन्हा झाली. मग पाऊस आला.

सकाळी डोमाजी फाटकाच्या खांबाला टेकून बसलेला सापडला. दोन्ही पल्ले लावलेले. कंदील विझलेला. अंग लाकडासारखं.

मनोज परतवाड्याहून धावत आला. मयतीला लाकडं त्यानंच रचली. रात्री त्यानं एवढंच विचारलं, "तू सांगितलं होतं ना त्याहिले?"

"हो. सांगितलं."

"मंग त्याहिनं फाटक खोललं कावून नाई?"

"मले काय मालूम?"

इथं खुशालराव थुंकतात. "हे त्यानं कोनाले सांगितलं नाई. मले सांगितलं, थे मंग. सगळं झाल्यावर."

वर्षभर ते पल्ले उघडे होते, खांबाला साखळीनं बांधलेले. रोज शंभर गाड्या जात होत्या. आणि पुढच्या खंडेनवमीला मनोज परतवाड्याहून निघाला, फुलांची दुसरी खेप न्यायला. रिकाम्या क्रेट मागे बांधलेल्या. रस्ता पाठ. फाटक तर आता नाहीच.

फाटक लागलेलं होतं.

पंचनाम्यात वेळ लिहिली आहे, आठ वाजून पंचवीस मिनिटं. मनोज जागीच गेला.

ठाण्यात म्हणाले, गाडी जोरात असेल, घेतली असेल. कुंदन टेबलावरून त्या माणसाच्या अंगावर गेला. मनोज सुपारीही खात नव्हता. रस्त्याच्या कचेरीत म्हणाले, रस्ता आमचा, फाटक आमचं नाही. रेल्वेच्या कचेरीतून कागद आला. त्यावर लिहिलं होतं: "सदर लाइन बंद असल्याने फाटक बंद असण्याचा प्रश्न उद्भवत नाही." कुंदननं तो कागद शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचला आणि खुर्ची उचलून भिंतीवर आपटली.

भाऊ मेला आणि प्रश्न उद्भवत नाही!

तो पुन्हा पुन्हा अर्ज लिहायचा. वाकडं अक्षर, निम्मे शब्द चुकलेले. प्रत्येक अर्जावर पोचेचा शिक्का घ्यायचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा. पिशवी जाड होत गेली. उत्तर नाही. दिवसा तो मेलेल्या लाइनीवरून हिंडायचा. पडकं ठेसन, छत खाली आलेलं, तिकिटाच्या खिडकीची जाळी गंजलेली, पाटीवर बोरखडीतलं 'बो' तेवढं शिल्लक. पाण्याच्या टाकीत मधमाश्यांचं पोळं. गुन्हेगार शोधतो म्हणायचा. कोणाला शोधत होता ते त्यालाच ठाऊक.

आता गेल्या वर्षीची खंडेनवमी. बुधवार. आभाळ होतं, नवमीचा चंद्र ढगामागे. साडेसातला कुंदननं मोटारसायकल काढली. मनोजची बायको, मंजुषा वहिनी, दारातच होती.

"भाऊजी, कुठी चालले?"

"फाटकावर हार टाकून येतो दादाच्या नावानं."

"लवकर या. भाकरी टाकून ठेवतो."

हार होताच. त्याच्या खाली पोत्यात घण होता आणि लोखंड कापायची करवत. अर्जांची पिशवी हँडलला लटकलेली. कुंदन फाटक मुळासकट तोडायला निघाला होता. प्रश्नच उद्भवत नाही ना? मग फाटकही नको.

आठला दहा कमी असताना पोचला. पल्ले उघडे, खांबाला बांधलेले. गावाकडच्या पल्ल्याच्या बिजागरीला त्यानं करवत लावली. गंज खाली गळत होता. आजूबाजूला रातकिडे किरकिरत होते. रस्त्यावर कोणी नाही. हात दुखेपर्यंत तो कापत राहिला, आणि बोटभर चीरही पडली नाही.

मग रातकिडे थांबले.

एकदम.

कुंदननं मोबाइल पाहिला. आठ वीस.

लाइनीच्या त्या अंगाला, जिथं रूळच नाहीत... तिथं काहीतरी जड येऊन थांबल्यासारखं झालं. लोखंडावर लोखंड घासलं. मग खडीवर पावलं. एक पाय जरा ओढत. डोमाजी तसाच चालायचा.

साखळी सुटली.

पलीकडचा पल्ला हलला. करकर नाही. तेल दिल्यासारखा गुळगुळीत फिरला आणि लागला. मग कुंदनच्या हातातला पल्ला... त्यानं दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले. पल्ल्यानं त्याला फरपटत नेलं. लागला.

दोन्ही पल्ल्यांच्या मध्ये कंदील. लाल. जमिनीपासून कमरेएवढा वर. धरणारा हात नाही.

भीती वाटायला पाहिजे होती. कुंदनला राग आला. असा राग की दात वाजले.

"तूच काय रे बुढ्या! तूच मारला माह्या भावाले! तुले रोज सांगत होता ना थो? रोज! सगळे शिव्या देत होते तुले, थो काकाजी म्हने! अन् त्यालेच?"

घण उचलला. सगळ्या ताकदीनं पल्ल्यावर घातला.

आवाज आला नाही. घण लोखंडाला लागला, हात झिणझिणला, आणि आवाज नाही.

कंदील हलला नाही.

तेवढ्यात परतवाड्याच्या बाजूनं मोटारसायकल आली. पलीकडच्या पल्ल्यापाशी थांबली. एकच पिवळा, अधू दिवा. मागे क्रेटची चौकोनी सावली. हॉर्न वाजला. आखूड. आखूड. दोनदा.

मनोज असाच वाजवायचा. घराजवळ आला की.

"दादा?"

दिवा तसाच. माणूस दिसत नव्हता, दिव्याच्या मागे नुसता अंधार. इंजिन चालू होतं... थांबून राहिलेलं. वर्षभर थांबून राहिलेलं.

"खोल!" कुंदन ओरडला. "माहा भाऊ हाये तिकडं! घरी जायाचं हाये त्याले! खोल!"

कंदील लाल.

"गाडी गेली! गाडी पास झाली! खोल ना!"

कंदील हळूहळू वर आला. कुंदनच्या तोंडापर्यंत. उजेड लागत होता, ऊब नाही.

"...लाल दिवा होता?"

कानापाशी. वाळल्या पानासारखा आवाज.

'होता' एवढंच म्हणायचं होतं. मनोज हजारदा म्हणाला होता. कुंदनची जीभ उचलेना. पलीकडे भाऊ ऐकत होता.

"नव्हता," तो म्हणाला. "गाडीच नव्हती. कधीच नव्हती. दादा खोटं सांगे तुमाले, तुमी घरी जावं म्हनून. अन् त्या रातीले मीच नाई आलो. दादानं सांगितलं होतं. मले आठवण होती... मी नाई आलो. अन् दादा, तुले बी मी खोटं बोललो. ऐकलं का? मी गेलोच नव्हतो!"

पलीकडची मोटारसायकल... आवाज जरा खाली गेला. परत सारखा झाला.

कंदील लाल.

"आता काय पायजे?" कुंदन रडत नव्हता, भांडत होता. "सांगितलं ना! लाइन बंद झाली, डोमाजी! संपली!"

"...कागद?"

कुंदन थबकला. मग त्यानं हँडलची पिशवी ओढून काढली. वर्षभराचे अर्ज. सगळ्यात वरचा घेतला, पाठीमागून कोरा. पेन सापडलं. कागद मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. अंधारात ओळ दिसेना.

कंदील जवळ आला. त्याच्या खांद्यावरून. सीटवर उजेड पडला.

त्या लाल उजेडात त्यानं लिहिलं. सातवीत शाळा सोडलेल्याच्या अक्षरात.

'डोमाजीस. लाइन बंद झाली आहे. फाटक उघडे ठेवावे. तुमची डुटी संपली. एकतिस वरशे चांगली केली. कुंदन.'

कागद पुढं धरला.

कोणीतरी तो घेतला. हळूच, दोन बोटांनी.

...

...

कंदील हिरवा झाला.

साखळी सुटली. पलीकडचा पल्ला उघडला. मग अलीकडचा. मोटारसायकलला गिअर पडला. ती लाइन ओलांडून आली, कुंदनच्या अगदी बाजूनं गेली. झेंडूचा वास. ओल्या, ताज्या तोडलेल्या झेंडूचा. वारा त्याच्या शर्टाला लागला.

थांबली नाही. एक शब्द नाही. वळणावर फक्त दोनदा हॉर्न वाजला.

"थांब ना बे, दादा!" कुंदन तिच्यामागे वळणापर्यंत पळाला. तिथं काही नव्हतं. रातकिडे सुरू झाले होते.

खुशालराव तंबाखूची चिमटी तशीच बोटांत धरून बसतात.

"त्याले अजून राग हाये," ते म्हणतात. "भाऊ थांबला नाई याचा. मी म्हनलं, अरे, घरी चालला होता थो. म्हने, घर तं मीच होतो ना?"

"मंग काकाजी? कागद?" नितेश हळू आवाजात विचारतो.

कुंदन रात्रभर फाटकावर बसून होता. उजाडलं तेव्हा कागद दिसला. खांबाच्या मुळाशी, दगडाखाली, नीट घडी घातलेला. त्यानं उघडला. त्याच्या अक्षराखाली, जिथं कचेरीत पोच देतात त्या कोपऱ्यात, काळ्या तेलाचा अंगठा. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ.

तो तडक खुशालरावांकडे आला. एकतीस वर्षं त्यांनी तो अंगठा हजेरीपटावर पाहिला होता. त्यांनी बोट टेकवून पाहिलं. तेल बोटाला लागलं. दुपारी पुन्हा पाहिलं, उन्हात ठेवूनही ओलंच. दसरा गेला, आठवडा गेला. ठसा वाळला नाही.

अर्जांची पिशवी कुंदननं चुलीत घातली. फाटक तोडलं नाही. दोन्ही पल्ले स्वतःच्या साखळीनं खांबांना बांधले आणि वहिनीनं गुंफलेला हार त्यावर टाकला. मग तो कागद घेऊन पडक्या ठेसनाकडे निघाला. पक्क्या लोकांचे कागद जिथं आले होते, तिथंच हाही राहायला पाहिजे म्हणाला, तिकिटाच्या खिडकीच्या आत. मोटारसायकल घेतली नाही, कागद वाऱ्यानं दुमडला असता. अंगठा पुसला जाऊ नये म्हणून तो दोन्ही तळहातांवर उघडा धरून, लाइनीच्या वाटेनं, बाभळींतून, दीड कोस पायी गेला.